ऊस ट्रॉलीसाठी रिफ्लेक्टर टेप, कापड आणि पोलिसांचं फुकट शिबिर : वापरून सांगतोय

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॉलीची कामं निघतात. टायरची उलटापालट, पाट्यांना ग्रीस, हुकाला वेल्डिंग, उंदरांनी खाल्लेल्या लाइटच्या वायरी नव्यानं ओढणं. या सगळ्यात रिफ्लेक्टरचा नंबर शेवटी लागतो, आणि बऱ्याच जणांकडं तो लागतच नाही. कारखान्याच्या यार्डात पोलिस येतील, फुकट पट्ट्या चिकटवतील, विषय मिटला, असा हिशोब. आमच्या वाहतूकदारांच्या ग्रुपवर यंदाही कुणीतरी विचारलं, "टेप कुठली घ्यावी?" खाली उत्तरांची रांग लागली आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, स्वस्तातली घ्या, पोलिसांना दिसली म्हणजे झालं. त्याच्यावर ग्रुपवर लिहीत बसलो असतो तर रात्र गेली असती, म्हणून इथं लिहितोय.

माझ्याकडं दोन ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. भीमाकाठचा ऊस, तोडणीची टोळी बीडकडची, खेपा रात्रंदिवस. मी ऑनलाइन मागवलेली स्वस्त टेप वापरली, तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातली महागडी वापरली, शिबिरात फुकट लावून दिलेली वापरली, आणि मागं लटकवायचं रिफ्लेक्टरचं कापडही वापरलं. कंपन्यांची नावं देत नाही, कारण त्याच नावाचा डुप्लिकेट माल बाजारात इतका आहे की नाव सांगून कुणाचं भलं होणार नाही. माल ओळखायचा कसा ते सांगतो.

आधी स्वस्तातली. दीडशे-दोनशेला लांबलचक रोल, लाल-पांढरे चौकोन, घरपोच. दिवसा उन्हात झकास चमकते. पोरांनी सायकलीला लावावी अशी. रात्री मात्र हिचा पत्ता नाही. लग्नाच्या मांडवातल्या जिलेटिनसारखा तिचा प्रकार, उजेड पडला की चहूकडं चकाकणार आणि ज्याला दिसायला पाहिजे त्याला काहीच नाही. खऱ्या टेपमध्ये बारीक काचेचे मणी किंवा बारीक लोलक बसवलेले असतात. ते उजेड जिथून आला तिकडंच परत फेकतात. गाडीचा हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळपास एकाच रेषेत असतात, म्हणून त्याला ती पट्टी पेटल्यासारखी दिसते आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच पट्टी साधी वाटते.

यावरूनच दुकानात तपासायची युक्ती निघते. मोबाईलचा टॉर्च लावा, फोन कानाला लावतो तसा डोळ्याच्या कडेला धरा आणि दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या बोळात दहा-पंधरा पावलं मागं जाऊन टेपकडं बघा. असली असेल तर ती भप्पकन पेटते. मग तोच टॉर्च कंबरेला धरा. लगेच मंद होते. दोन्ही वेळा सारखीच दिसली तर ती नुसती चकचकीत पट्टी आहे, रिफ्लेक्टर नव्हे. मी हे करायला लागलो तेव्हा दुकानदार हसला, "मालक, टेप घेताय का सोनं?" मग त्यानं स्वतःच करून बघितलं, आणि काउंटरवरचा एक रोल गुपचूप खाली ठेवला.

दुसरी खूण टेपवरच छापलेली असते. आपल्याकडं यासाठी एआयएस-०९० हे मानक आहे. ते पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून निघतं आणि त्यात पास झालेल्या टेपवर ठरावीक अंतरानं तो छाप असतो. छाप खोटाही मारता येतो, त्यामुळं टॉर्चची परीक्षा चुकवू नका. पण छापच नसेल तर पुढं बघायचंच कारण नाही.

मी दुकानातून घेतली ती दोन इंची, मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली, मीटरला ६०-७० रुपयांच्या आसपास. पूर्ण रोल घेतला तर स्वस्त पडते, दोघा-तिघांनी मिळून घ्यावी. रंगाचं एक आहे. मालवाहू गाडीला पुढं पांढरी, बाजूला पिवळी आणि मागं लाल, ही पद्धत नियमातली आहे आणि तिला कारण आहे. रात्री लांबून नुसता रंग दिसतो, गाडी दिसत नाही. लाल दिसला की माणसाला कळतं, पुढचं वाहन माझ्याच दिशेनं चाललंय किंवा उभं आहे. पांढरा दिसला की वाटतं समोरून येतंय. मागच्या बाजूला सगळीकडं पांढरे चौकोन लावून ठेवले की मागून येणारा एक क्षण बुचकळ्यात पडतो, आणि तो क्षणच महाग असतो.

किती महाग, ते आकड्यात बघा. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तीसेक मीटर गेलेले असतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढं साधारण तेवढेच लागतात. हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर असेल तर काळं, विझलेलं वाहन चाळीस-पन्नास मीटरवर येईपर्यंत नीट दिसत नाही. म्हणजे गणित बसतच नाही. आपली भरलेली ट्रॉली पंधरा-वीसच्या वेगात चाललेली असते, मागून येणाऱ्याच्या हिशोबानं जवळजवळ उभीच. चांगली टेप दीडशे मीटरच्या पुढून दिसते. फरक एवढाच आहे, पण त्यात माणूस वाचतो.

माझी पुतणी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मी टेपबद्दल बडबडतोय म्हटल्यावर तिनं अमेरिकेतल्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याचा २००१ चा अभ्यास काढून दाखवला. तिकडं नव्या मोठ्या ट्रेलरना १९९३ च्या डिसेंबरपासून लाल-पांढरी टेप सक्तीची झाली. त्यानंतर मोजलं तर अंधारात ट्रेलरला मागून किंवा बाजूनं धडकण्याचे अपघात २९ टक्क्यांनी कमी झालेले, आणि जिथं रस्त्यावर दिवेच नाहीत तिथं ४१ टक्क्यांनी. म्हणजे आपल्यासारख्या रस्त्यांवर फायदा जास्त. पण मला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. मागची टेप स्वच्छ असेल तर मागून धडकणं ५३ टक्क्यांनी कमी, आणि तीच टेप मळलेली असेल तर फक्त २७ टक्क्यांनी. निम्मा फायदा चिखलात गेला. आणि तो अमेरिकेतला डांबरी रस्त्यावरचा ट्रेलर. आपली ट्रॉली फडातून निघते, पाणी दिलेल्या रानातून. चाकानं उडवलेली काळी माती कुठं बसते? बरोबर टेपवर.

आता चिकटवायचं. ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीला फाळकी काढून ठेवलेली असतात, उभे खांब आणि चॅनेल एवढंच उरतं. खांबाच्या गोल पाइपवर दोन इंची टेप गुंडाळली तर समोरून तिचा एक उभा दोरा दिसतो, बाकी वाया. चॅनेलवर गंज आणि डिझेलचा थर. त्यामुळं मी वेल्डरकडून पत्र्याच्या हातभर लांबीच्या पट्ट्या कापून घेतल्या, त्या घरी ओट्यावर स्वच्छ करून त्यांच्यावर टेप लावली आणि मग पट्ट्या नट-बोल्टनं ट्रॉलीला कसल्या. पत्रा वाकला तर पट्टी बदलायची, टेप खरवडत बसायची गरज नाही. कोपरे कात्रीनं गोल करा. चौकोनी कोपरा पाचटात अडकतो आणि तिथून सोलायला सुरुवात होते. कापलेल्या कडेतून पाणी आत गेलं की पोळ्यातली घरं एकेक काळी पडतात, म्हणून कडेला पारदर्शक वार्निशचा एक हात द्या. आणि सकाळच्या दवात चिकटवू नका. ऊन तापू द्या, पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. अशी लावलेली टेप माझ्या एका ट्रॉलीवर मागच्या हंगामापासून आहे आणि टॉर्चच्या परीक्षेत अजून पास होते.

फुकटच्या शिबिराबद्दल आता. हे लिहावं की नको असं वाटत होतं, कारण उपक्रम चांगला आहे आणि असल्या गोष्टीला नावं ठेवली की पुढच्या वर्षी तोही बंद होतो. तरी लिहितो. हंगाम सुरू झाला की पोलिस आणि आरटीओची माणसं यार्डात येतात. बॅनर लागतो, नारळ फुटतो, चार ड्रायव्हरांना गुलाब मिळतो, फोटो निघतो. मग पट्ट्या. सकाळी अकराची वेळ, रिकाम्या ट्रॉल्या रांगेत. पट्टी लावणारा होमगार्ड बिचारा उन्हात वैतागलेला, त्यानं हातानं माती झटकली न झटकली आणि पट्टी दाबली. पहिल्याच धुण्यात ती पाण्याबरोबर गेली. टेप चांगली होती, मी टॉर्च मारून बघितली होती. लावणं वाईट. एक बादली पाणी, एक फडकं आणि अर्धा लिटर थिनर एवढ्यानं तोच माल हंगामभर टिकला असता.

त्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. रिकामी ट्रॉली तपासून उपयोग काय? ऊस भरला की मोळ्या मागं हात-दीड हात बाहेर येतात आणि वाढं-पाचट खाली लोंबतं. मागच्या चॅनेलवरची टेप, लाल लाइट, नंबरप्लेट, सगळं त्या झिपऱ्यांच्या आड. दिवसा यार्डात शंभर टक्के पास झालेली ट्रॉली रात्री फडातून निघते तेव्हा मागून नुसता अंधाराचा ढीग असते. हे तपासणाऱ्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. पण यादीवर टिक दिवसा होते.

एका वर्षी मात्र आमच्याकडं एक तरुण फौजदार आले होते. त्यांनी शिबिर घेतलं नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, वळण संपून रस्ता सरळ होतो तिथं, जीप लावून उभे राहिले. भरलेली माझी जोडी थांबवली.

"मालक कोण?"

"मीच साहेब. लावलंय की रिफ्लेक्टर. कागदं पण हायत."

"कागदं नंतर. या, गाडीत बसा."

वाटलं, आता चौकीला नेतात. त्यांनी जीप उलटी घेतली, पाव किलोमीटर मागं नेली, वळवली, डिपर लावला आणि माझ्याच ट्रॉलीकडं चालवायला लागले. मला म्हणाले, "दिसली की सांगा." मी काच पुसून बघतोय. दोन्ही बाजूला बाभळी, पुढं डांबर, आणि काहीच नाही. मग उजेडाच्या टोकाला पाचटाची पांढुरकी पानं हलताना दिसली आणि त्याच्या मागं एकदम भिंतीसारखा ऊस. मी "आली" म्हणेपर्यंत त्यांनी ब्रेक मारला होता. तीसच्या वेगानं चाललो होतो म्हणून ठीक. माझा ड्रायव्हर ट्रॉलीशेजारी तंबाखू मळत उभा होता, तोही आधी दिसला नव्हता. नंतर त्यांनी त्याला बसवून नेलं, मग मागच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला. कुणाला दंड नाही. जीपमधून रिफ्लेक्टरचं कापड काढलं, उसावर वरून मागं सोडलं, सुतळीनं बांधलं आणि परत एकदा तीच फेरी मारली. या वेळी जीप वळल्या वळल्या दिसलं.

रस्त्यावरच्या पोलिसिंगचा मला मिळालेला हा सगळ्यात चांगला नमुना. त्या रात्रीनंतर आमच्या ड्रायव्हरांना कापड बांध म्हणून सांगावं लागलं नाही. पाचशेच्या पावतीनं हे झालं नसतं. पावती मालक भरतो, ड्रायव्हरला काय? साहेबांची बदली झाली आणि पुन्हा अकरा वाजताचं शिबिर सुरू झालं, ते सोडा.

तर कापड. माझ्या मते टेपपेक्षा आधी हे घ्या. जाड कापड किंवा ताडपत्रीचा तुकडा, साधारण माणसाच्या उंचीएवढा रुंद, कडेनं लाल रिफ्लेक्टरची पट्टी आणि मध्ये फुली किंवा त्रिकोण. मोळ्यांच्या वरून मागं सोडायचं, त्यामुळं ऊस कितीही बाहेर आला तरी ते सगळ्यात मागं राहतं. काही कारखाने देतात, काही ठिकाणी पोलिस वाटतात, नाहीतर ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. टेप आपली द्या, तो शिलाई मारून देतो. शिलाईची टेप वेगळी येते, कापडावर शिवता येईल अशी. चिकटणारी टेप कापडावर घडी पडली की तडकते. खालच्या कडेला लोखंडी सळई किंवा पाइपाचा तुकडा घालायला नेफा ठेवा, नाहीतर वाऱ्यानं कापड वर उलटतं आणि मागच्याला नुसती पाठ दिसते.

तोटा एकच आणि तो मोठा. खाली करताना कापड आधी सोडावं लागतं. पहाटे तीनला नंबर लागलेला ड्रायव्हर ते विसरतो, मोळ्यांबरोबर कापड गव्हाणीकडं, म्हणजे ऊस गाळायला टाकतात तिकडं जातं. नाहीतर सोडून सीटखाली टाकतो आणि पुढच्या खेपेला बांधत नाही. एक कापड तर मी टोळीच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या दाराला पडदा म्हणून लावलेलं पाहिलं. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "आण्णा, रात्री बायका बाहेर गेल्या तर बॅटरीच्या उजेडात घर लगेच सापडतंय." काय बोलणार. त्यांना दुसरं कापड शिवून दिलं आणि ते तिथंच राहू दिलं.

आता रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली. टायर फुटला, हुकाची पिन तुटली, धुरा गेला की आपली पद्धत ठरलेली, मागं दहा फुटांवर दगडांची ओळ आणि वर बाभळीची फांदी. त्या दगडांचा मागच्याला काही उपयोग नाही, आणि ट्रॉली निघून गेली तरी ते तिथंच राहतात. दुसऱ्या रात्री त्यावरून मोटारसायकलवाला उडतो. घडीचा लाल त्रिकोण मिळतो, तो प्रत्येक ट्रॅक्टरला ठेवा. मी पहिल्यांदा घेतलेला प्लास्टिकच्या पायांचा होता, एक ट्रक शेजारून गेला की लोळायचा. लोखंडी जड पायांचा घ्या, थोडा महाग पडतो. ठेवायचा किमान पन्नास मीटर मागं, म्हणजे सत्तरएक पावलं चालत जायचं. वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. आणि निघताना उचलायचा, दगडं वापरली असतील तर तीसुद्धा. रस्त्यावर वाहन धोकादायक रीतीनं उभं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. माणूस गेला आणि हयगय सिद्ध झाली तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती. ट्रॉलीचं पासिंग आणि विमा वेगळा लागतो हेही बऱ्याच जणांना अपघात झाल्यावरच कळतं.

तपासणी नेमकी कशावर व्हावी, यावर माझं मत सांगतो. चारपदरी पालखी मार्ग झाल्यापासून तिकडं स्पीडगन लावलेली पोलिसांची गाडी दिसते, ई-चलानचे मेसेज येतात, आणि ते व्हायलाच पाहिजे. २०२२ ला देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात १५,२२४, आणि देशातल्या मृत्यूंत ग्रामीण भागाचा वाटा ६८ टक्के होता. वेग हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण. पण आमच्याकडच्या जिल्हा परिषदेच्या आणि राज्यमार्गाच्या रस्त्यावर रात्री ना स्पीडगन असते ना माणूस. एका ठाण्याखाली गावं किती आणि रात्री गस्तीला गाडी किती, हे बघितलं की पोलिसांनाही बोल लावता येत नाही. म्हणून जिथं सगळ्या ट्रॉल्यांना यावंच लागतं तिथं तपासा. ती जागा म्हणजे वजनकाटा. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, रात्री येते, थांबते, उजेड असतो, आणि कारखान्याचा माणूस तिथं आधीच बसलेला असतो. कापड नसेल, मागचा लाइट नसेल तर वजनाची पावती नाही. एवढा एक नियम कारखान्यानं आठ दिवस पाळला तर ज्या ड्रायव्हरला कापड सापडत नाही त्याला ते बरोबर सापडेल. काट्यापर्यंतचा रस्ता तो तसाच आला हे खरं, पण पुढच्या खेपेला तसा येणार नाही.

मोठ्यानं लावलेल्या गाण्यांवर पोलिस कारवाई करतात तेव्हा आपली पोरं चिडतात. ट्रॅक्टरवर डोक्यामागं कपाटाएवढे स्पीकर लावल्यावर मागच्यानं हॉर्न मारून बोटं दुखवली तरी ऐकू येत नाही. यात मी पोलिसांच्या बाजूनं आहे. पण नुसते स्पीकर जप्त करून तपासणी संपवू नये.

कार्तिकी आमच्या हंगामाच्या सुरुवातीलाच येते. पंढरपूरकडं येणारा प्रत्येक रस्ता दिंड्यांनी भरलेला आणि त्यातच आमच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनीत संध्याकाळी कोल्हापूरकडच्या दिंडीत मोटार घुसली, सात वारकरी गेले. ती ट्रॉली नव्हती, पण वेळ तीच, अंधार पडतानाची, आणि रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं. तेव्हापासून त्या आठवड्यात मी ड्रायव्हरांना अंधारात दिंडी दिसली की गाडी कडेला घेऊन थांबायला सांगतो. एखादी खेप कमी पडते. टेपचे उरलेले तुकडे मी दिंडीच्या पताकांच्या काठ्यांना आणि पाण्याच्या टँकरला लावायला देतो. रोल संपता संपता जे वीतभर तुकडे उरतात त्यांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचलेला नाही.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा. आधी कापड, दोन्ही ट्रॉल्यांना जमलं नाही तर मागच्या ट्रॉलीला तरी. मग त्रिकोण. मग मागची लाल टेप पत्र्याच्या पट्टीवर, शक्यतो खांबाच्या वरच्या टोकाला, कारण तिथं पाचट पोचत नाही. मग बाजूची पिवळी. ही बाजूची टेप चैन नव्हे, जोडी रस्त्यावर आडवी वळते तेव्हा रस्ता पूर्ण अडतो आणि मधल्या हुकाच्या जागी मोकळं दिसतं. तिथून मोटारसायकल घालायचा प्रयत्न करणारे मी पाहिलेत. पुढची पांढरी सगळ्यात शेवटी, ट्रॅक्टरचे हेडलाइट दोन्ही चालू असतील तर. एकच चालू असेल तर समोरच्याला मोटारसायकल वाटते, त्यामुळं आधी तो दुसरा बल्ब बदला, पन्नास-शंभराचं काम आहे.

ऑनलाइनची स्वस्त टेप : घेऊ नका. दुकानातली एआयएस छापाची : घ्या, पण टॉर्च मारून. शिबिरातली : नको म्हणू नका, पट्टी हातात मागून घ्या आणि घरी नीट लावा. देतात, मी मागून घेतल्यात. लोखंडी पायांचा त्रिकोण : घ्या. कापड : आजच शिवायला टाका, हंगाम सुरू झाल्यावर ताडपत्रीवाल्याला वेळ नसतो.

टेप पुसायला रॉकेल किंवा डिझेलचं फडकं वापरू नका, तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. साधं पाणी, थोडा साबण. फडातून डांबरीवर चढताना ड्रायव्हरनं उतरून एकदा मागून हात फिरवला तरी चालतं, बाटलीत पाणी असतंच.